इसबावरील नवे उपचार : संशोधनाचा जमाखर्च



वार्षिक अहवालाचा मुख्य भाग आकड्यांचा असतो. त्यासोबत एखाद्या आजाराविषयी अभ्यासपूर्ण माहिती द्यावी, या हेतूने यंदा आम्ही इसब हा विषय निवडला आहे. कुंभवली, बोईसर व तारापूर परिसरातील कारखान्यांत काम करणारे कामगार, किनाऱ्यावर मासळी साफ करणाऱ्या भगिनी, पावसाळ्यात दिवसदिवस चिखलात उभे राहणारे शेतकरी आणि रात्रभर खाजवत रडणारी लहान मुले या सर्वांना हा आजार सतावतो. इसबाने सहसा जीव जात नाही, म्हणून त्याकडे दुर्लक्ष होते. परंतु तो झोप हिरावतो, हाताला काम करू देत नाही आणि घरातील पैसा थोडा थोडा करून खर्ची घालतो.

या आजाराविषयी आमच्याकडे दोन प्रश्न वारंवार येतात. कुटुंबीय विचारतात, "नवे इंजेक्शन निघाले आहे म्हणतात, त्याने आजार कायमचा जाईल का?" देणगीदार विचारतात, "अशा नव्या औषधांसाठी स्वतंत्र निधी उभारावा का?" या दोन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे. एखादा उपचार नवा आहे एवढ्यावरून तो अधिक चांगला ठरतो का, आणि ते कसे ठरवतात? याचे उत्तर आम्ही येथे आमच्या परिचयाच्या म्हणजे हिशेबाच्या भाषेत मांडत आहोत. कोणत्या रुग्णाला कोणते औषध द्यावे, हा निर्णय मात्र सर्वस्वी डॉक्टरांचा आहे.

इसब म्हणजे काय?

इसब, खरूज, गजकर्ण आणि नायटा ही नावे आपल्याकडे सर्रास एकमेकांच्या जागी वापरली जातात. गजकर्ण किंवा नायटा बुरशीमुळे होतो आणि खरूज अतिसूक्ष्म किडीमुळे होते. हे आजार एकाकडून दुसऱ्याकडे पसरतात. इसब तसा नाही. तो त्वचेचा दाह आहे आणि तो संसर्गजन्य नाही. त्यामुळे इसब झालेल्या मुलाला वेगळे बसवण्याचे किंवा त्याचे ताट वेगळे ठेवण्याचे काहीही कारण नाही.

इसबाचे अनेक प्रकार आहेत. त्यांपैकी दोन आपल्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. पहिला प्रकार बहुधा बालपणी सुरू होतो. त्याला ॲटोपिक डर्मटायटिस म्हणतात. अशा मुलांच्या घरात दमा किंवा सततच्या शिंकांचा त्रास असलेली माणसे पुष्कळदा आढळतात. या मुलांची त्वचा ओलावा धरून ठेवू शकत नाही. जणू भिंतीचा गिलावा निसटावा आणि विटांच्या फटींतून पाणी आत-बाहेर व्हावे, तशी तिची अवस्था असते. स्कॉटलंडमधील डंडी येथील शास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दाखवून दिले की, फिलॅग्रिन नावाच्या प्रथिनाच्या जनुकातील दोष हे याचे एक मोठे कारण आहे. दुसरा प्रकार स्पर्शजन्य इसबाचा. सिमेंटमधील क्रोमियम, रंगद्रव्ये, राळेसारखी रसायने, तसेच सतत पाणी व साबण यांचा संपर्क यांमुळे तो होतो.

गोऱ्या कातडीवर इसबाची लाली स्पष्ट दिसते. आपल्या सावळ्या त्वचेवर तीच जागा पुष्कळदा जांभळट, तपकिरी किंवा राखाडी दिसते. परदेशी पुस्तकांतील चित्रांशी ताडून पाहणाऱ्यांची त्यामुळे फसगत होते. कोणतेही संशोधन सर्व वर्णांच्या रुग्णांवर का व्हावयास हवे, हे यावरून लक्षात यावे.

महाराष्ट्रातील एक धडा : गाजरगवत

इसबावरील संशोधन म्हणजे दूरदेशीची गोष्ट, असा समज असल्यास पुण्याचे उदाहरण पाहावे. आज रेल्वेमार्गाकडेला व पडीक जमिनीवर सर्वत्र दिसणाऱ्या गाजरगवताची, म्हणजेच काँग्रेस गवताची, पुण्यातील नोंद आर. एस. राव यांनी १९५६ मध्ये प्रसिद्ध केली. अमेरिकेहून आलेल्या गव्हाबरोबर त्याचे बी आले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. पुढील काळात चेहरा, मान, पापण्या व हात यांवर तीव्र इसब उठलेले रुग्ण पुण्यात मोठ्या संख्येने दिसू लागले. त्यांत शेतात व उघड्यावर काम करणारे पुरुष अधिक होते.

पुण्यातील त्वचारोगतज्ज्ञ डॉ. लोणकर यांनी मिचेल व कॅल्नन या परदेशी तज्ज्ञांसह १९७४ मध्ये या आजारावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. या गवतातील पार्थेनिन हे द्रव्य दाहास कारण ठरते, हे पुढे स्पष्ट झाले. संशयित पदार्थाचा अंश पाठीवर पट्टीखाली ठेवून दोन दिवसांनी व पुन्हा एक-दोन दिवसांनी त्वचा पाहण्याची पॅच टेस्ट नावाची साधी पद्धत या आजारात निर्णायक ठरली. ही पद्धत जर्मन वैद्य यादासोन यांनी १८९५ मध्ये मांडली होती.

कारण सापडले, तरी गवत हवेतून अंगावर येत राहते. मग उपचार कोणता करावा? स्टेरॉइडच्या गोळ्यांनी आराम पडतो, पण त्या दीर्घकाळ घेतल्या की हाडे, रक्तदाब, साखर अशा अनेक ठिकाणी त्याची किंमत मोजावी लागते. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील डॉक्टरांनी ॲझाथायोप्रिन या औषधाची स्टेरॉइडच्या गोळीशी समोरासमोर तुलना केली आणि निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध केले. दोन्ही औषधे जवळपास सारखीच परिणामकारक ठरली. मात्र दुष्परिणाम आणि आजार उलटण्याचे प्रमाण स्टेरॉइड घेणाऱ्यांत अधिक आढळले. ॲझाथायोप्रिन हे काही नवे औषध नव्हे. मूत्रपिंड-रोपणाच्या रुग्णांना ते १९६० च्या दशकापासून दिले जात होते. ते घेताना रक्ततपासणी वेळोवेळी करावी लागते. सांगण्याचा मुद्दा असा की, नवा उपचार म्हणजे नेहमी नवे व महाग औषधच असते असे नाही. जुन्या औषधाला योग्य प्रश्न विचारला, तर त्यातूनही नवा उपचार मिळतो.

मलमापासून इंजेक्शनापर्यंत

इसबाच्या आधुनिक उपचाराचा आरंभ १९५२ मध्ये झाला, असे म्हणता येईल. त्या वर्षी अमेरिकेत सुल्झबर्गर व विटन यांनी त्वचेवर लावण्याचे हायड्रोकॉर्टिसोन उपयुक्त असल्याचे दाखवले. १९८४ मध्ये जपानमधील त्सुकुबा येथील मातीतल्या एका जिवाणूपासून टॅक्रोलिमस मिळाले. त्याचे मलम १९९९ मध्ये जपानमध्ये इसबासाठी मान्य झाले. चेहरा व पापण्या यांसारख्या नाजूक जागी स्टेरॉइडला पर्याय म्हणून त्याचा उपयोग होतो.

त्यानंतर संशोधनाची दिशा बदलली. दाहाचा निरोप शरीरात नेणारे जे पदार्थ आहेत, नेमके त्यांनाच अडवावे असा विचार पुढे आला. त्यातून निघालेल्या डुपिल्युमॅब या इंजेक्शनाला अमेरिकेत मार्च २०१७ मध्ये मान्यता मिळाली. २०२२ च्या जानेवारीत उपाडासिटिनिब व ॲब्रोसिटिनिब या गोळ्यांना तेथे इसबासाठी मान्यता मिळाली. या गोळ्यांचा गुण लवकर येतो. परंतु या वर्गातील औषधांबाबत गंभीर संसर्ग, हृदयविकार, रक्ताच्या गुठळ्या व कर्करोग यांविषयी ठळक इशारा दिलेला असतो. त्या सुरू करण्यापूर्वी क्षयरोगाची तपासणी करावी लागते. आपल्या भागात ही अट केवळ कागदावरची मानून चालणार नाही.

हातांच्या जुनाट इसबासाठी डेल्गोसिटिनिब हे मलम युरोपात २०२४ मध्ये व अमेरिकेत २०२५ मध्ये मान्य झाले. कामगार आणि मासळी साफ करणाऱ्या भगिनी यांचा आजार बहुधा हातांचाच असल्यामुळे या मलमाची हकीकत आम्हांस विशेष महत्त्वाची वाटते.

निव्वळ लाभ कसा मोजतात?

व्यापारात ज्याप्रमाणे एकूण विक्री म्हणजे नफा नव्हे, त्याप्रमाणे औषध घेतलेल्यांपैकी कितीजण बरे झाले, एवढ्यावरून औषधाचा गुण ठरत नाही. इसब ऋतूप्रमाणे कमी-जास्त होतो. नियमित तपासणी व काळजी मिळाली, तरी रुग्णाला बरे वाटते. म्हणून चाचणीत रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडतात. एका गटाला औषध, तर दुसऱ्या गटाला दिसायला अगदी तसेच पण औषध नसलेले द्रव्य देतात. त्यास प्लासिबो म्हणतात. कोणाला काय मिळाले, हे चाचणी संपेपर्यंत रुग्णाला कळत नाही आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही कळत नाही. दोन्ही गटांतील फरक हा औषधाचा निव्वळ लाभ.

डुपिल्युमॅबच्या २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत मिळून सुमारे १४०० प्रौढ रुग्ण होते. दर दोन आठवड्यांनी इंजेक्शन घेणाऱ्यांपैकी सोळा आठवड्यांनंतर त्वचा स्वच्छ किंवा जवळजवळ स्वच्छ झालेले रुग्ण पहिल्या चाचणीत शेकडा ३८ व दुसरीत शेकडा ३६ होते. प्लासिबो घेणाऱ्यांत हेच प्रमाण अनुक्रमे शेकडा १० व ८ होते. म्हणजे निव्वळ लाभ शेकडा २८. तीव्र आजारात हा लाभ निश्चितच मोठा आहे, आणि उरलेल्यांपैकी अनेकांना अंशतः गुण आला. तरीही "सर्वांचा आजार कायमचा गेला" असे ही चाचणी म्हणत नाही. तसे म्हणणाऱ्या जाहिरातीवर विश्वास ठेवू नये.

डेल्गोसिटिनिबच्या २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन चाचण्यांचे निष्कर्षही बोलके आहेत. पहिल्या चाचणीत शेकडा २० रुग्णांचे हात साफ झाले, तर औषध नसलेले मलम लावणाऱ्यांत हे प्रमाण शेकडा १० होते. दुसऱ्या चाचणीत हेच आकडे २९ व ७ असे आले. एकच मलम आणि एकच पद्धत, तरी निव्वळ लाभ एकदा १० व एकदा २२. एकाच वर्षाच्या ताळेबंदावरून पेढीची पारख करू नये, हे तत्त्व येथेही लागू पडते.

मुंबईच्या ग्लेनमार्क कंपनीचे उदाहरण संशोधनाची वाट किती लांब असते हे दाखवते. या कंपनीच्या जीबीआर ८३० या प्रतिपिंडाची इसबाच्या ६२ रुग्णांवर केलेली प्राथमिक चाचणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. निष्कर्ष आशादायक होते. मात्र जेथे आजार निम्म्याने उतरल्याची गणना केली, तेथे प्लासिबो गटात आठच रुग्ण होते आणि त्यांतील तिघांनाही तितकाच गुण आलेला होता. म्हणून अधिक मोठी चाचणी आवश्यक ठरली. पुढे २०२३ मध्ये या संशोधनाचे हक्क ॲस्ट्रिया या अमेरिकी कंपनीस परवान्याने देण्यात आले. जीबीआर ८३० हे औषध म्हणून बाजारात आलेले नाही. आशादायक निष्कर्षापासून औषधाच्या दुकानापर्यंत अनेक वर्षे जातात आणि बरीच द्रव्ये वाटेतच मागे पडतात.

संशोधनाने वाचवलेला खर्च

संशोधनाची दुसरी बाजू क्वचितच सांगितली जाते. काय विकत घ्यावे याइतकेच काय विकत घेऊ नये हेही ते सांगते. ब्रिटनमध्ये सार्वजनिक निधीतून मुलांच्या इसबावर अशा अनेक चाचण्या झाल्या. पाणी मृदू करणारे यंत्र घरात बसवल्याने इसब कमी होतो का, हे ३३६ मुलांवर पाहिले गेले. २०११ मध्ये निष्कर्ष आला की, फायदा होत नाही. खास रेशमी कपड्यांचा ३०० मुलांवरील अभ्यास २०१७ मध्ये आणि आंघोळीच्या पाण्यात घालण्याच्या तेलकट द्रव्यांचा ४८३ मुलांवरील अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीच्या काळजीपेक्षा अधिक लाभ यांपैकी कशानेही दिसला नाही.

त्वचा मऊ ठेवणाऱ्या मलमांविषयी ५५० मुलांवरील अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. लोशन, क्रीम, जेल व घट्ट मलम या चारही प्रकारांचा परिणाम जवळपास सारखाच आढळला. जे मुलाला सोसते व घरचे रोज लावू शकतात, तेच चांगले. म्हणजे महागड्या डबीइतकीच साधी पेट्रोलियम जेलीही उपयोगी ठरू शकते. मात्र निरोगी तान्ह्या बाळाला आधीपासून मलम लावून इसब टाळता येतो का, या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी मिळाले. १३९४ बालकांवरील तो अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. अर्थात ज्यांना इसब आहेच, त्यांनी त्वचा ओलसर राखणे हा उपचाराचा पाया आहे.

ज्या मुलांना मलमांनी गुण येत नाही, त्यांच्यासाठीही स्वस्त पर्यायाचा विचार झाला. ब्रिटन व आयर्लंडमधील १०३ मुलांवर सायक्लोस्पोरिन व मेथोट्रेक्सेट यांची तुलना करण्यात आली. तिचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. सायक्लोस्पोरिनचा गुण लवकर आला. पण औषध थांबवल्यावर आजार अधिक काळ आटोक्यात राहिला तो मेथोट्रेक्सेट घेतलेल्या मुलांत, आणि मेथोट्रेक्सेट स्वस्तही आहे.

दुकानातील मलम : दोन टोके

इसब, गजकर्ण, मुरूम, काळे डाग अशा सर्वांवर एकच मिश्र मलम दुकानातून आणून लावण्याची सवय फार घातक आहे. त्यात बहुधा तीव्र स्टेरॉइड असते. भारतातील विविध केंद्रांवर चेहऱ्याच्या तक्रारींसाठी आलेल्या २९२६ रुग्णांची पाहणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांपैकी ४३३ जण चेहऱ्यावर स्टेरॉइडचे मलम लावत होते. त्याने त्वचा पातळ होते, पुरळ व नको तेथे केस येतात, आणि गजकर्णावर लावल्यास तो अंगभर पसरतो. २०१८ मध्ये केंद्र सरकारने चौदा स्टेरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकता येऊ नयेत, अशी तरतूद केली.

दुसरे टोक भीतीचे. स्टेरॉइड हा शब्द ऐकताच काही पालक डॉक्टरांनी दिलेले सौम्य मलमही फेकून देतात आणि मूल खाजवत राहते. २४१८ तान्ह्या मुलांचा पाच वर्षे पाठपुरावा करणाऱ्या, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सौम्य व मध्यम शक्तीची स्टेरॉइड मलमे योग्य देखरेखीखाली सुरक्षित आढळली. मलम कोणते, किती आणि किती दिवस, हे डॉक्टरांनी ठरवावे आणि कुटुंबाने ते पाळावे.

चाचणीचे निमंत्रण आल्यास

आमच्या रुग्णालयात नव्या औषधांच्या चाचण्या होत नाहीत. परंतु मुंबईसारख्या ठिकाणी उपचारास जाणाऱ्या रुग्णांना चाचणीत सहभागी होण्याविषयी विचारणा होऊ शकते. ती ऐकून घाबरू नये आणि हुरळूनही जाऊ नये. रुग्णांच्या हक्कांसाठी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाद मागण्यात आली. त्यानंतर नियम कडक होत गेले आणि आज नवी औषधे व वैद्यकीय चाचण्या नियम, २०१९ लागू आहेत. कुटुंबीयांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१. संमतिपत्र रुग्णाला समजणाऱ्या भाषेत असले पाहिजे. आपल्या औद्योगिक वसाहतीत अनेक प्रांतांतील कामगार आहेत. त्यांनी आपल्या भाषेतील प्रत मागावी. वाचता येत नसेल, तर निःपक्षपाती साक्षीदार हवा.

२. संमतिपत्राची प्रत आपल्याजवळ ठेवावी. घरी नेऊन विचार करण्यास अवधी मागावा.

३. प्लासिबो मिळण्याची शक्यता किती आणि त्या काळात नेहमीचे उपचार चालू राहतील का, हे स्पष्ट विचारावे.

४. चाचणी नैतिक समितीने मंजूर केलेली असावी आणि भारतीय वैद्यकीय चाचणी नोंदवहीत तिचा क्रमांक असावा. ही नोंदवही २००७ मध्ये सुरू झाली आणि जून २००९ पासून औषधचाचण्यांची नोंद त्यात सक्तीची झाली.

५. चाचणीमुळे इजा झाल्यास विनामूल्य उपचार व नियमानुसार भरपाई मिळण्याचा हक्क आहे.

६. कोणत्याही टप्प्यावर, कारण न देता, बाहेर पडता येते. त्यामुळे पुढील उपचार नाकारले जाऊ शकत नाहीत.

७. मूल सात वर्षांहून मोठे असेल, तर पालकांच्या संमतीबरोबर मुलालाही समजावून त्याचा होकार घेतला जातो.

धर्मादाय निधीचा विनियोग

आता देणगीदारांच्या प्रश्नाकडे वळू. नव्या इंजेक्शनांसाठी निधी उभारावा का? तीव्र आजाराच्या मोजक्या रुग्णांना ती औषधे खरोखर नवे आयुष्य देऊ शकतात, आणि अशा रुग्णाला योग्य केंद्रात पाठवणे हे आमचे कर्तव्य आहे. परंतु ही औषधे दीर्घकाळ चालू ठेवावी लागतात. एका रुग्णाचा एका महिन्याचा खर्च उचलला आणि पुढे हात आखडता घ्यावा लागला, तर ते दान अर्धवट राहते.

त्याच रकमेत इतर किती गोष्टी होतात, हे पाहावे. अनेक मुलांना वर्षभर पुरेल एवढी साधी पेट्रोलियम जेली देता येते. पॅच टेस्टचे साहित्य आणता येते. एखाद्या कामगाराच्या हाताला नेमके कोणते रसायन सोसत नाही हे कळले, तर हातमोजे बदलून किंवा कामाची जागा बदलून त्याची रोजी वाचवता येते. तसेच एक प्रशिक्षित परिचारिका मलम किती व कसे लावावे, हे प्रत्येक आईला सावकाश समजावू शकते. बहुसंख्य रुग्णांचा आजार या साध्या गोष्टी नीट केल्याने आटोक्यात राहतो. म्हणून इसबासाठी येणाऱ्या देणग्या प्रथम या तीन बाबींवर खर्च व्हाव्यात आणि तीव्र रुग्णांसाठी मोठ्या रुग्णालयात जाण्यायेण्याच्या व तपासण्यांच्या खर्चाची तरतूद त्यानंतर व्हावी, अशी आमची विश्वस्त मंडळास नम्र सूचना आहे.

ज्या हजारो अनामिक रुग्णांनी आपल्याला औषध मिळेल की प्लासिबो हे ठाऊक नसताना चाचण्यांत भाग घेतला, त्यांचे ऋण आपणा सर्वांवर आहे. त्यांनी दिलेले दान कोणत्याही पावतीपुस्तकात नोंदले जात नाही. त्यांच्यामुळे मिळालेले ज्ञान आपल्या परिसरातील शेवटच्या घरापर्यंत पोहोचवणे, हीच त्याची परतफेड होय.